पांढऱ्या कानाचा खंड्या

मी बर्फ पाहिलाय तो फक्त रसवंतीवरच्या लादीचा. तरी बारा-तेरा वर्षं मी दक्षिण ध्रुवावर जाऊन येत होतो. आठवड्यातून दोन-तीनदा, आणि संध्याकाळी जेवायला मखमलाबादला घरी. भाड्याची गाडी नाही, पासपोर्ट नाही, कानटोपीसुद्धा नाही.

या अंकाचे संपादक म्हणाले, नोकरीतल्या गमतीजमती लिहा, सिनेमाच्या गमती लोकांना आवडतात. आहेत, गमती आहेत. पण मला खरं म्हणजे एकच गोष्ट लिहायची आहे आणि ती गमतीची नाही. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर कुणी माझ्या नावानं खडे फोडायला नको.

मी ऑपरेटर होतो. शाळांना शैक्षणिक फिल्म दाखवणारं एक छोटं सरकारी ऑफिस नाशकात होतं. दोन खोल्या, एक साहेब, एक क्लार्क, एक गाडी, गाडीचा ड्रायव्हर नाना आणि मी. शाळेनं पत्र पाठवायचं, आम्ही प्रोजेक्टर, पडदा, जनरेटर आणि फिल्मचे डबे घेऊन जायचं. वर्गाच्या खिडक्या सतरंज्यांनी झाकायच्या, भर दुपारी अंधार करायचा आणि पोरांना हृदयाचे कप्पे नाहीतर बटाट्यावरचा करपा दाखवायचा. नव्वदनंतर घरोघरी केबल आली तरी आमचा धंदा चालू होता, कारण केबल सगळीकडे पोचली नव्हती आणि आम्ही फुकट होतो.

बाहेरच्या माणसाला वाटतं, ऑपरेटर म्हणजे बटण दाबणारा. बटण कुणीही दाबेल हो! फिल्मच्या कडेला भोकं असतात, ती मशीनच्या दात्यांत नीट बसवायची. दिव्याच्या वर आणि खाली फिल्मला थोडी ढील ठेवायची. ढील कमी पडली की फिल्म फाटते, जास्त झाली की पडद्यावरची माणसं थरथरतात. फाटली की पोरं शिट्ट्या मारतात आणि हेडमास्तर आपल्याकडे असं बघतो की जणू आपणच फाडली. मग फाटलेल्या टोकाचा थर ब्लेडनं खरवडायचा, फिल्म चिकटवायच्या सिमेंटचा एक थेंब लावायचा, दुसरं टोक वर दाबून धरायचं. माझा जोड हाताला लागत नसे. एवढी एकच गोष्ट मला आयुष्यात फक्कड जमली, आणि तीच मला भोवली.

आमच्याकडच्या बहुतेक फिल्म इंग्रजी. सुरगाण्याच्या पोरांना इंग्रजी काय कळणार? मलाच कळत नव्हतं. म्हणून मी फिल्मचा आवाज बंद करायचो आणि माईक घेऊन स्वतः मराठीत बोलायचो. इंग्रजीच्या एका सरांकडून प्रत्येक फिल्मचा मजकूर समजून घेतला होता. पुढं पुढं माझंच बोलणं एवढं रंगायला लागलं की शाळा पत्रात लिहायच्या, फिल्म कुठलीही चालेल, पण दत्तूभाऊंनाच पाठवा. नाना म्हणायचा, "तुम्ही कीर्तनकारच व्हायचं. नारळ तरी मिळाला असता."

या सगळ्या डब्यांत एक डबा होता दक्षिण ध्रुवाचा. काळी-पांढरी फिल्म, पंचवीस मिनिटांची. शंभरेक वर्षांपूर्वीच्या कुत्र्यांच्या गाड्यांच्या सफरींची जुनी चित्रं जमवून कुणीतरी शाळांसाठी शिवलेली गोधडीच ती. गोष्ट थोडक्यात अशी. ध्रुवावर पहिल्यांदा पाय ठेवायला दोन कप्तान निघाले, एक नॉर्वेचा आणि एक इंग्रज. इंग्रजानं मोटारगाड्या नेल्या, तट्टं नेली. मोटारी बंद पडल्या, तट्टं बर्फात रुतली, शेवटी माणसांनीच गाड्या ओढल्या. पोचले, पण दुसरे, आणि परतीच्या वाटेवर शेवटपर्यंत गेलेले पाचही जण मेले. नॉर्वेवाल्यानं कुत्रे नेले. वर्षभर आधी जाऊन वाटेत ठिकठिकाणी खाणं पुरून ठेवलं, त्यावर झेंडे रोवले. नंतर चार माणसं आणि पन्नासच्या वर कुत्रे घेऊन तो निघाला, पहिला पोचला आणि सगळ्या माणसांना घेऊन परत आला.

मनमाडच्या शाळेत, जिथं निम्म्या पोरांचे बाप रेल्वेत, तिथं दरवेळी एकच प्रश्न. "सर, रूळ का नाही टाकले?" येवल्यात एकदा शाळेचा शिपाई, घरी हातमाग असलेला, फिल्म संपल्यावर हळूच येऊन म्हणाला, "त्या कुत्र्यांच्या गळ्यातले दोर पुन्हा दाखवा. एवढे पंख्यासारखे पसरून धावतात तरी गुंता कसा होत नाही?" त्याच्यासाठी मी तेवढा भाग तीनदा चालवला. त्याच येवल्याहून परतताना एका मास्तरांना कांद्याच्या दोन गोण्यांसकट गाडीत बसवलं, ते कुणीतरी साहेबांना कळवलं आणि मला मेमो मिळाला. सरकारी गाडीत खाजगी माणूस बसवायचा नाही. तो मेमो लक्षात ठेवा, पुढं येणार आहे.

सुरगाण्याकडच्या आश्रमशाळेत मात्र पोरांनी पहिल्याच वर्षी नेमका प्रश्न विचारला. "एवढ्या कुत्र्यांना खायला काय दिलं?"

हा प्रश्न नाशकातल्या एकाही शाळेत कुणी विचारला नव्हता. ज्यांच्या घरची नागली उन्हाळ्याआधीच संपते, त्यांनाच तो सुचणार.

त्याचं उत्तर फिल्ममध्ये होतं, पण मी ते कापलं होतं. नॉर्वेवाल्यानं निघतानाच ठरवलं होतं, कुठल्या मुक्कामावर किती कुत्रे मारायचे आणि त्यांचं मांस उरलेल्या कुत्र्यांना घालायचं. माणसांनीही खाल्लं. परतले अकरा. फिल्ममध्ये तो सव्वा मिनिटाचा तुकडा होता. एक माणूस एका कुत्र्याला साखळी धरून टेकाडामागं नेतो. मग नुसतं टेकाड. मग तो माणूस एकटाच परत येतो. नंतर बर्फावर पडलेल्या कुत्र्यांचा एक फोटो आणि त्यांना खाणारे दुसरे कुत्रे. शहरातल्या एका शाळेत हे पाहून एक पोरगी ओकली. तिच्या आईनं साहेबांना फोन केला, साहेबांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "तेवढं काढून टाका हो. कशाला पोरांना?"

काढला. तो हुकूमच होता, त्याचं मला काही वाटत नाही. पण पुढचं माझ्या डोक्यातलं. शेवटी फक्त अकरा कुत्रे दिसतात, पोरं मोजणार, बाकीचे कुठं गेले म्हणून विचारणार. म्हणून तोही भाग काढला. फिल्मच्या सुरुवातीला, खाणं पुरून माणसं तळावर परत येतात, तेव्हाचं एक चित्र होतं. नव्याकोऱ्या लाकडी घराकडे झुंडच्या झुंड कुत्रे गाड्या ओढत येताहेत, शेपट्या वर. ते मी तिथून कापलं आणि शेवटाला जोडलं. झालं! सगळे कुत्रे सुखरूप घरी. आवाज बंदच होता, विचारणार कोण? सगळ्यात पुढच्या कुत्र्याचा एक कान पांढरा होता. त्याचं नाव मी खंड्या ठेवलं, आमच्या फुलांच्या मळ्यातल्या कुत्र्याचं. "आणि तो बघा कोण सगळ्यांच्या पुढं? आपला खंड्या!" असं मी म्हटलं की पोरं अशी ओरडायची की खिडकीवरच्या सतरंज्या हलायच्या. मला लई भारी वाटायचं. खोटं कशाला बोलू!

आश्रमशाळेतली हिरा मला पहिल्या वर्षी दिसली तेव्हा चौथीत होती. बारीक, तेल लावून घट्ट बांधलेल्या वेण्या, पडद्याच्या अगदी पुढ्यात मांडी घालून बसलेली. खायला काय दिलं, हे तिनंच विचारलं होतं. मी म्हणालो, वाळलेले मासे. तेही खोटं नव्हतं, फक्त अर्धं होतं.

दुसऱ्या वर्षी गेलो तर पोरांनी खंड्याचाच धोशा लावला. फिल्म संपली आणि हिरा उभी राहिली.

"सर, मधी त्यांचं घर बर्फात बुडलेलं होतं. निसतं धुरांडं दिसत होतं. मंग ते परत आले तवा घर नवं कसं?"

मी गारच पडलो. साहेबांना, मास्तरांना, एवढ्या शाळांमधल्या एकालाही जे दिसलं नाही ते या पाचवीतल्या पोरीनं पकडलं! तिकडं दर वर्षी पावसाआधी घर शाकारावं लागतं. घर नवं की जुनं, हे त्या पोरांना छपरावरून कळतं.

"ऊन पडलं," मी म्हणालो. "वितळला बर्फ."

ती बसली. तिचं समाधान झालं नव्हतं, पण मास्तर डोळे वटारत होते.

तिसऱ्या वर्षी आम्ही गेलो ते पौषात. भात झोडून झाले की तिकडची माणसं जीपा भरभरून द्राक्षांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे उतरतात, पोरं आश्रमशाळेत ठेवतात. हिराचे आईबाप तसेच गेले होते. सकाळी अकराच्या सुमाराला मी फिल्म चालवली. टाळ्या झाल्या, खंड्या घरी आला, मी वायरी गुंडाळायला घेतल्या. तेवढ्यात हेडसरांच्या खोलीतून एक माणूस धावतच बाहेर आला. पायात चप्पल नाही, सदऱ्यावर वाळलेलं रक्त. हिराचा काका.

"साहेब, गाडी नाशकाला जायची ना?"

"जायची. का?"

"पोरीला न्या. आमची जीप पलटी झाली काल, घाटात. तिच्या बाला लय लागलंय. नाशकाला सरकारी दवाखान्यात हाय. तिची आई हाय त्याच्यापाशी. शुद्धीवर आला की हिराला आणा, हिराला आणा, येवढंच बोलतो. मला गावात जाऊन म्हातारीला सांगायचंय. तुमी न्या साहेब पोरीला, पाया पडतो."

हेडसर मागून आले. त्यांची अडचण त्यांनी सांगितली. पोरगी सोडायला त्यांची ना नव्हती, काकाची सही घेतली की झालं. पण त्या दिवशी दुसरी गाडी नव्हती. एसटी दुसऱ्या दिवशी सकाळी आणि जीपवाले अपघातामुळं धास्तावून बसलेले. म्हणजे आमची गाडी किंवा काही नाही.

नाना लगेच म्हणाला, "दत्तूभाऊ, बसू द्या मागं. कोण बघतंय? विचारलंच तर माझं नाव सांगा."

मला तो मेमो आठवला. खरंच आठवला, बहाणा करत नाही. साहेबांनी तेव्हा सांगितलं होतं, पुन्हा असं झालं तर सर्व्हिस बुकात नोंद करीन. माझी बढती तोंडावर होती. पण नुसतं तेवढंच नव्हतं. दीड-दोन तास त्या पोरीबरोबर गाडीत बसायचं, ती विचारणार, मी काय सांगायचं? आणि तिथं खाटेवर तिनं काय बघायचं? साहेबांचंच वाक्य माझ्या तोंडात आलं. कशाला पोरांना?

हिरा वर्गाच्या दारात येऊन उभी होती. काकानं तिला सांगितलं होतं, बाला लागलंय. ती रडत नव्हती. ती सरळ माझ्याकडे आली, काकाकडे नाही, हेडसरांकडे नाही. कोण जातं आणि कोण परत येतं, ते या माणसाला ठाऊक असतं, असं तिच्या डोक्यात बसलेलं असणार.

"सर, बा परत येईल?"

माहीत नाही. एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. तेच खरं होतं, त्यावेळी डॉक्टरनंही तेच सांगितलं असतं. आणि मी ते म्हटलं असतं, तर ती गाडीत चढून बसली असती.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्या त्या माईकवरच्या आवाजात म्हणालो, "अगं येणार म्हणजे काय! येणारच. खंड्या आला की नाही?"

तिनं विचार केला. खरंच विचार केला, कपाळाला आठ्या घालून. मग म्हणाली, "मंग मी हितंच थांबते. मी गेले आन् बा हितं आला, तर?"

काका म्हणाला, "अगं बाई, तसं नाय—" हेडसर म्हणाले, राहू दे आज, उद्या एसटीनं बघू. आणि मी? माझ्या छातीवरचा दगड उतरला. मी काकाला म्हणालो, "तसंही आमच्या गाडीत जागा नाही हो. सामान आहे सगळं. आणि नियम पण नाही." नानानं माझ्याकडे असं पाहिलं की मी पडदा उगाचच पुन्हा गुंडाळायला घेतला.

तिचा बाप दुसऱ्या दिवशी पहाटेच गेला. एसटी सुरगाण्याहून निघायच्या आधी. मला कळलं चार दिवसांनी, नानाकडून. तो दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात जाऊन चौकशी करून आला होता. मी गेलो नव्हतो.

चौथ्या वर्षी त्या शाळेचं पत्र आलं तेव्हा मी दुसरीच फिल्म नेली, विंचवांवरची. पण पोरं ऐकेनात, हेडसरही म्हणाले, अहो ती ध्रुवाचीच लावा, तिच्यावाचून पोरांना चैन पडत नाही. डबा गाडीतच होता. लावली. बोलत होतो, पण नजर पुढच्या रांगेत. हिरा तिथं नव्हती. ती मागं भिंतीला टेकून उभी होती. कुत्रे घराकडे यायला लागले, पोरांनी "खंड्या! खंड्या!" सुरू केलं आणि ती दार उघडून बाहेर गेली. वर्गात ऊन आलं, पडदा पांढरा झाला, कुणालाच काही दिसेना.

मी नंतर तिला शोधत गेलो. ती टाकीपाशी ताटं घासत होती.

"हिरा," मी म्हणालो.

तिनं मान वर केली नाही. "सर, भूगोलाच्या पुस्तकात हाय. तिथं ऊन पडलं तरी बर्फ वितळत नाय."

बस्, एवढंच. बापाचं नाव नाही, की काही नाही. ताट विसळलं, उपडं ठेवलं, दुसरं घेतलं. मी परत आलो. त्या दिवशी ऑफिसात जाऊन मी डब्याच्या चिठ्ठीवर 'खराब' असं लिहिलं आणि तो सगळ्यात वरच्या फळीवर टाकला. पुढं पत्रं यायची, ध्रुवाची फिल्म पाठवा. मी उत्तर द्यायचो, नादुरुस्त.

बढती मात्र मिळाली. सर्व्हिस बुक स्वच्छ आहे माझं, आजही कुणी येऊन बघावं.

मधली वर्षं सांगण्यासारखी नाहीत. शाळांत कॉम्प्युटर आले, सीड्या आल्या. आमची पत्रं कमी होत होत बंद झाली. दोन हजार सालानंतर काही वर्षांनी हुकूम आला, ऑफिस बंद करायचं, सामानाचा लिलाव. साहेब आणि क्लार्क बदलून गेले. उरलो मी आणि नाना, तोही निवृत्तीला टेकलेला. फिल्मना आंबूस वास यायला लागला होता. जुनी फिल्म सडायला लागली की शिळ्या ताकासारखा वास येतो. मी डबे मोजून यादी करत बसलो होतो, तर दारात एक बाई उभी. पंचविशीच्या आतली, साधी सुती साडी, खांद्याला पिशवी.

"दत्तू सर?"

वेण्या नव्हत्या, पण कपाळाच्या आठ्या त्याच. हिरा डीएड करून शिक्षिका झाली होती, सुरगाण्याच्याच एका पाड्यावरच्या शाळेत.

मी खुर्ची दिली, चहा सांगितला. ती चहा घेते न घेते तोच म्हणाली, "ती ध्रुवाची फिल्म आहे का अजून?"

"आहे."

"पूर्ण? मी वाचलंय, परत अकराच कुत्रे आले होते."

मी कपाटाकडे पाहिलं. कापलेले तुकडे मी टाकले नव्हते. श्रीखंडाच्या एका प्लास्टिकच्या डब्यात गुंडाळून ठेवले होते. का ठेवले, माहीत नाही. फेकायचे म्हणून तीनदा हातात घेतले होते.

"पूर्ण करता येईल," मी म्हणालो.

"मग माझ्या शाळेत दाखवा. लिलावाच्या आधी. सुगी झाली की माझ्या वर्गातल्या पोरांचे आईबाप पण जातात द्राक्षांना. या पोरांना मला ती पूर्ण दाखवायचीय."

दोन दिवस मी ती फिल्म घेऊन बसलो. शेवटाला जोडलेलं चित्र काढून पुन्हा सुरुवातीला त्याच्या जागी लावलं. सव्वा मिनिटाचा तुकडा लावला. परतीचा अकरा कुत्र्यांचा भाग लावला. लावण्याआधी तो भाग दिव्यासमोर धरून, भिंगातून एकेक चित्र तपासलं. पांढऱ्या कानाचा कुत्रा कुठंच सापडला नाही. टेकाडामागं नेलेला तोच होता का, तेही सांगता येत नाही. त्या कुत्र्याची मान खाली आहे. जोड देताना दोनदा सिमेंट सांडलं.

पाड्यावरची शाळा म्हणजे दोन खोल्या. पोरांच्या चादरी खिडक्यांना लावल्या. मी मशीन सुरू केलं आणि सवयीनं माईक उचलला, तर हिरानं हात पुढं केला. "मी बोलते."

तिनं सगळं सांगितलं. सावकाश, त्यांच्या बोलीत, एकही शब्द न फुगवता. इंग्रज कसे मेले, ते सांगितलं. मग तो तुकडा आला. माणूस कुत्र्याला टेकाडामागं घेऊन गेला. ती म्हणाली, त्याला मारलं. बाकीच्यांना खायला घातलं. माणसांना परत घरी यायचं होतं, म्हणून असं आधीच ठरवलं होतं. कुणी ओकलं नाही. एक पोरगी रडायला लागली, तर हिरानं तिला जवळ घेतलं आणि बोलणं चालू ठेवलं. मग अकरा कुत्रे आले, बर्फात बुडालेल्या घराकडे.

पुढ्यात बसलेल्या एका पोरानं विचारलं, "बाई, पयला पुढं होता तो, पांढऱ्या कानाचा? तो आला का?"

हिरानं माझ्याकडे पाहिलं. मग माईक माझ्यापुढं धरला. "हे सरांना विचार."

मशीनचा आवाज चालू होता. फिल्म संपून तिचं टोक चाकावर फटफटत होतं आणि ते थांबवायचं मला सुचलं नाही.

"माहीत नाही," मी म्हणालो. "परत आलेल्यांत तो दिसत नाही."

पोरानं मान हलवली.

सामान आवरताना हिरा मदतीला आली. एकाएकी म्हणाली, "आई सांगते, बाला काहीतरी सांगायचं होतं. आई म्हणायची, मला सांग. तो म्हणायचा, तुला नाय, हिराला सांगतो. शेवटपर्यंत तेच."

"हिरा, चूक माझी होती," मी म्हणालो. "सगळी माझी. त्या दिवशी मी—" पन्नाशी उलटलेला माणूस मी, त्या पाड्याच्या अंगणात रडलो. नाना लांब जाऊन गाडीची काच पुसत राहिला.

ती रागावली नाही आणि जाऊ द्या असंही म्हणाली नाही. पडद्याची गुंडाळी एका बाजूनं तिनं धरली, दुसऱ्या बाजूनं मी. गाडीच्या मागच्या दारापाशी आलो. आत जनरेटर, प्रोजेक्टरची पेटी, डबे, सगळं जिथं असायचं तिथंच. गुंडाळी आत सरकवली आणि हिरा आत बघत राहिली. मग आत हात घालून तिनं पेटीच्या शेजारच्या मोकळ्या फळीवर तळवा ठेवला.

"सर, इथं जागा होती."

"होती," मी म्हणालो.